आधीच पार पडलेली सभा

आमच्या शाळा-विभागात कुठलाही कार्यक्रम होण्याच्या दोन दिवस आधी पार पडलेला असतो. तो मी पार पाडते.

विभाग म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. तीन शाळा आहेत: मोठी, मधली आणि टोकाची. तिन्हींचं मिळून एक मंडळ, मंडळाची एक कचेरी आणि कचेरीत एक कारकून, ती मी. दर शुक्रवारी सकाळी मंडळाचं एकपानी बातमीपत्र निघतं. एका वर्षी चुकून पिवळ्या कागदाचे गठ्ठे आले. म्हटलं, आलेत तर संपवून टाकू. ते संपेपर्यंत लोकांना पिवळ्याचीच सवय झाली, आणि आता सगळे त्याला ‘पिवळं पान’ म्हणतात. बातम्या लिहायच्या मी, टाइप करायच्या मी, मशीनवर सहाशे चाळीस प्रती काढायच्याही मीच. मग शाळेच्या बसने गठ्ठे शाळांत जातात आणि मुलं आपापल्या दप्तरातून पान घरी नेतात.

गोची एवढीच की मंडळाची सभा असते गुरुवारी संध्याकाळी आणि पान निघतं शुक्रवारी सकाळी. मधे फक्त रात्र. रात्री मी टाइप करणार नाही, हे मी नोकरीला लागल्या-लागल्या ठणकावून सांगितलं होतं. तेव्हाच्या अध्यक्षांनी तोडगा काढला: बातमी बुधवारीच लिहून ठेवा, सभेत काय होणार ते मी तुम्हाला आधी सांगतो. त्याला आता बारा वर्षं झाली. अध्यक्ष बदलले, तोडगा तोच राहिला. हळूहळू मी सभाच काय, सगळंच आधी लिहायला लागले. ‘प्रमुख पाहुण्यांनी मार्मिक भाषण केले’ हे वाक्य पाहुणे ठरायच्या आधी तयार असतं. एकदा गाण्याच्या स्पर्धेला निघालेल्या मुलांची बस वाटेतच बंद पडली. मुलं पोचलीच नाहीत. पानात मात्र ‘मुलांच्या गायनाने श्रोते मंत्रमुग्ध झाले’ असं छापून गेलं. तक्रार एकही आली नाही. उलट दोन मुलींच्या आया जास्तीची प्रत मागायला आल्या, आजीला पाठवायची म्हणून.

तक्रार करणारं माणूस सबंध विभागात एकच, आणि ते माझ्याच घरात राहतं. माझी नणंद.

वन्सं टोकाच्या शाळेवर आहेत. तिथे मुख्याध्यापिका त्या, वर्गशिक्षिका त्या, आणि नळ गळला तर फडकं बांधणाऱ्याही त्याच. अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. दर शुक्रवारी त्या पिवळं पान वाचतात, लाल पेन घेतात आणि ज्या ज्या बातमीचा त्यांना संशय येतो तिच्या शेजारी समासात दोन शब्द लिहितात: ‘घडलं का?’ एकदा एका पानावर मी अकरा मोजले. मग ते पान पाकिटात घालून, वर कचेरीचा पत्ता लिहून, बसने मला रीतसर परत पाठवतात. संध्याकाळी घरी त्यावर अवाक्षर काढत नाहीत. आम्ही समोरासमोर बसून जेवतो, एकमेकींना वाढतो, आणि माझ्या पर्समध्ये ते पाकीट असतं. पाकीट आणून देणारे म्हणजे आमचे हे. त्या बसचे ड्रायव्हर हेच. एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा, म्हणून माणूस बोलायचा बंदच झालाय. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तरी ‘हं’.

तर त्या मंगळवारी अध्यक्ष कचेरीत आले. अध्यक्षांचं रंगाचं दुकान आहे. माणूस तसा वाईट नाही, पण बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या मागच्या भिंतीकडे बघतात. इथे कुठला रंग खुलेल हेच त्यांच्या मनात चाललेलं असतं.

“घ्या लिहून,” भिंतीकडे बघत ते म्हणाले. “टोकाची शाळा पुढल्या सत्रापासून मोठ्या शाळेत विलीन करण्याचा ठराव मंडळाच्या सभेत एकमताने मंजूर झाला. दातांच्या डॉक्टरांनी ठरावाला अनुमोदन दिले. एकाही पालकाने हरकत घेतली नाही.”

माझं पेन थांबलं. “पालक येतात कुठे सभेला?”

“म्हणून तर हरकत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “तेवीस मुलं आहेत हो तिथे. तेवीस मुलांसाठी अख्खी शाळा?”

“आणि आमच्या वन्सं?”

“बाईंची सोय केलीय ना!” ते उत्साहाने उठले आणि माझ्या टेबलासमोर पावलं टाकून जागा मोजायला लागले. “हे कपाट जरा तिकडे सरकवलं की इथे मस्त टेबल बसतं. तुमच्या अगदी समोर. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्यांची, आरामात जातील. घरच्याच आहेत, तुम्हालाही सोबत.”

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला शाळेचं वाईट वाटलं नाही. मला माझं वाईट वाटलं. सकाळी चहाला वन्सं, रात्री जेवायला वन्सं, मधले आठ तास तेवढे माझे होते. आता त्या आठ तासांतही समोर लाल पेन घेऊन वन्सं. आणि आता पाकिटाचीही गरज नाही, नुसता हात लांब केला की झालं.

“आणि जरा भरगच्च करा,” जाताजाता अध्यक्ष म्हणाले. “सगळ्यांचा पाठिंबा आहे असं दिसलं पाहिजे.”

भरगच्च करणं हे माझं काम आहे आणि ते मी डोळे मिटून करते. ‘उपस्थितांमध्ये’ म्हणून मी नेहमी अशांची नावं घालते ज्यांच्याकडे माझं काही काम अडलेलं असतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून नळवाले उपस्थित राहिले. ब्लाउज तीन आठवडे पडून होता म्हणून शिवणवाल्या बाई उपस्थित राहिल्या. मग हात लागलाच होता तर लिहून टाकलं: ‘टोकाच्या शाळेच्या बाईंनी भावपूर्ण शब्दांत मंडळाचे आभार मानले. मुलांचा प्रवास सुखकर होईल अशी ग्वाही बसच्या ड्रायव्हरने दिली. चहा-बिस्किटांनी सभेची सांगता झाली.’ बुधवारी दुपारी मी सहाशे चाळीस प्रती काढल्या, गठ्ठे बांधले आणि घरी गेले. मन कुठेतरी खात होतं, पण भूक लागली की मला तसं होतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

घरी वन्सं जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, कात्री आणि डिंक पसरून बसल्या होत्या. खुंट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या कापत होत्या. त्यांच्या शाळेत दाराशी प्रत्येक मुलाची कोट अडकवायची एक खुंटी असते, खुंटीवर मुलाचं नाव आणि ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक चित्र. कुणाला बदक, कुणाला शिडी. दरवर्षी त्या सगळ्या चिठ्ठ्या नव्या करतात.

मी उगाच मोजल्या. “पंचवीस? मुलं तर तेवीस आहेत ना?”

“दोन पुढच्या वर्षी येणार आहेत,” वन्सं म्हणाल्या. “पहिल्या दिवशी आल्यावर खुंटी तयार नसली तर मूल रडतं.” मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “उद्या सभेच्या विषयात आमची शाळा आहे असं कळलं. मी येणार आहे. चार ओळी लिहून ठेवल्यात. आपण नीट सांगितलं तर लोक ऐकतात गं.”

त्यांचं भाषण मी आधीच करून टाकलं होतं. भावपूर्ण शब्दांत. सहाशे चाळीस प्रती. मी ताटं वाढायला घेतली आणि मीठ दोनदा घातलं. ते दोनदा मीठ घातलेलं खाऊन आमचे हे ‘हं’ म्हणाले.

गुरुवारी सकाळी साडेसातला हे कचेरीच्या दारात बस घेऊन आले, मधल्या शाळेची टपालाची पेटी घ्यायला. कोपऱ्यात गठ्ठे दिसले.

“उद्या सुट्टी,” हे म्हणाले.

खरंच होती. शिक्षकांचं प्रशिक्षण असल्यामुळे शुक्रवारी तिन्ही शाळा बंद होत्या. अशी सुट्टी आली की पान सोमवारी जातं, असा आमच्याकडे प्रघात आहे. तो मला त्या क्षणी आठवला नाही, असं मी नंतर लेखी दिलं आहे.

“मग आजच न्या,” मी म्हटलं.

“आज?” ह्यांनी वरचं पान उचललं आणि वाचलं. हे सावकाश वाचतात. वाचताना ओठ हलतात. एका जागी ओठ थांबले. मी कपाट उघडून त्यात डोकं घातलं. कपाटात बघण्यासारखं काही नव्हतं.

“न्या म्हटलं ना,” मी कपाटातून म्हणाले. “सोमवारपर्यंत शिळं होतं.”

गठ्ठे उचलल्याचा आवाज आला, मग बस सुरू झाल्याचा.

तीन वाजता मुलं घरी पोचली. सव्वातीनला पहिला फोन.

“बाई, मी आज सभेला होतो म्हणे,” नळवाले म्हणाले.

“हो, तसं आहे खरं.”

“किती वाजता होतो?”

“सहा वाजता.”

“मग जायला पाहिजे,” ते म्हणाले. “छापून आलंय म्हटल्यावर न जाणं बरं दिसत नाही. दाढी करून येतो.”

मग शिवणवाल्या बाई. त्या नेहमी हळू बोलतात, त्या दिवशी फोन कानापासून लांब धरावा लागला. “माझ्या देखत शाळा बंद केली? माझ्या? आणि मी गप्प बसले? मी आयुष्यात कधी गप्प बसलेय का?” मग टोकाच्या शाळेच्या पालकांचे फोन सुरू झाले. त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: आम्ही हरकत घेतली नाही म्हणता, पण आम्हाला कुणी विचारलं कधी? मी प्रत्येकाला सभेची वेळ सांगितली. तेवढं सांगणं माझं कामच आहे. अध्यक्षांना मात्र कुणी फोन केला नाही, आणि त्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल नाही, त्यामुळे पिवळं पान त्यांच्याकडे पोचलंच नाही.

सभा मोठ्या शाळेच्या जेवणघरात असते. एरवी तिथे पाच सदस्य, मी आणि कुलूप लावायला ताटकळलेला शिपाई असे सात जण असतो. त्या दिवशी सहाला पाच कमी असताना बसायला जागा नव्हती. मुलांसाठी केलेली बुटकी बाकं, त्यावर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली, आणि प्रत्येकाच्या हातात पिवळं पान. अध्यक्ष आत आले, दारातच थबकले आणि मला म्हणाले, “दुसरा कुठला कार्यक्रम आहे का इथे?” मग त्यांनी एकाच्या हातातलं पान घेतलं. वाचलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहीत होते. तारीख लिहायला मला तेव्हा बराच वेळ लागला.

“तर सभेला सुरुवात करू,” अध्यक्ष म्हणाले.

“आधी उपस्थितांचं स्वागत आहे,” मागून कुणीतरी पान बघून म्हणालं.

अध्यक्षांनी स्वागत केलं. “आता विषय क्रमांक एक.”

“स्वागत ‘हार्दिक’ होतं,” शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

सगळी सभा अशीच चालली. लोक उत्तरं तपासावीत तसं एकेक वाक्य पानाशी ताडून बघत होते. अध्यक्षांनी कसाबसा ठराव वाचला आणि दातांच्या डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर निवृत्त आहेत. सभेत त्यांचा डोळा लागतो आणि हात मात्र बरोबर वर येतो, असा त्यांचा लौकिक आहे. त्या दिवशी इतक्या गलक्यात त्यांना झोप येणं शक्य नव्हतं. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंचं पान ते चष्मा लावून वाचत होते. बेकरीवाल्या बाईही मंडळावरच आहेत.

“मी अनुमोदन दिलं असं इथे आहे,” डॉक्टर म्हणाले. “दिलं का मी?”

“अजून नाही, डॉक्टर,” मी म्हणाले.

“अरे वा,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे अजून वेळ आहे. मग नाही देत. टोकाच्या शाळेतली मुलं फार चांगले दात घासायची. बाई उभं राहून घासून घ्यायच्या.” आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

तेव्हा वन्सं उठल्या. त्यांच्या एका हातात पिवळं पान होतं, दुसऱ्या हातात त्यांच्या चार ओळींचा कागद. आधी त्यांनी पानातलं वाक्य मोठ्याने वाचलं, वर्गात वाचतात तशा स्वच्छ आवाजात. “‘बाईंनी भावपूर्ण शब्दांत मंडळाचे आभार मानले.’” मग माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा लाल पेन बरं, असं ते बघणं होतं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला टेबलासकट पोटात घ्यावं.

“मी आभार मानायला उभी नाही,” वन्सं म्हणाल्या आणि कागद वाचला. “माझ्या शाळेत तेवीस मुलं आहेत. पुढच्या वर्षी पंचवीस होतील. सगळ्यात धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे. तिथून मोठ्या शाळेत यायला बसला पन्नास मिनिटं लागतात.” कागद घडी करून त्या खाली बसल्या. एवढंच. चार ओळी म्हणजे चार ओळी.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “प्रवासाचं म्हणाल तर ड्रायव्हरने स्वतः ग्वाही...” आणि ते थांबले, कारण पानात तसं लिहिलं होतं आणि ड्रायव्हर दाराशी उभा होता. सगळ्यांनी माना वळवल्या.

हे दाराला टेकून उभे होते, किल्ल्या हातात. मला वाटलं, ‘हं’ म्हणतील.

“मी असं बोललो नाही,” हे म्हणाले. “कोण बोललं माहीत नाही, पण मी नाही. त्या उताराला सात वळणं आहेत. मोठी मुलं तिसऱ्या वळणापर्यंत टिकतात. लहान मुलं दुसऱ्या वळणाला ओकतात. सहलीच्या वेळी बघतो ना मी. बसमध्ये बादली ठेवलीय, ती मीच धुतो.” लोक हसले. हे हसले नाहीत. “बादलीचं काही नाही. पण ओकून झालं की पोरं रडत नाहीत, गप्प होतात. काचेला डोकं लावून बसतात. असं रोज दोनदा बघायचं असलं तर मी बस चालवणार नाही. दुसरा माणूस बघा.”

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण इतकी वाक्यं एका दमात मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. मला रडू आलं. सरळ सांगते, आलं. ज्या माणसाच्या तोंडी मी फुकटची ग्वाही घातली तो माझ्याच घरात राहतो, माझंच दोनदा मीठ घातलेलं खातो, आणि त्याला काय वाटतं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी वहीवर वाकले आणि इतिवृत्ताची शाई थोडी फुटली.

अध्यक्षांनी मतदान घेतलं. त्यांचा स्वतःचा हात वर गेला, बेकरीवाल्या बाईंचा नाही. आता राहिले दोघे साडू. मंडळाचे उरलेले दोन सदस्य म्हणजे सख्ख्या साडूंची जोडी. थोरले साडू हात वर करतात आणि धाकटे साडू थोरल्यांकडे बघून करतात, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या भरवशावर अध्यक्षांनी आजवर सगळे ठराव तडीस नेले. पण त्या दिवशी त्यांच्या बायकांनी, म्हणजे त्या दोघी बहिणींनीही, पान वाचलं होतं आणि दोघी पहिल्या बाकावर शेजारी-शेजारी बसल्या होत्या. थोरल्या बहिणीचा नातू टोकाच्या शाळेत जातो. त्याची खुंटी बदकाची. थोरल्या साडूंचा हात खांद्यापर्यंत आला. तिथे त्यांची नजर बायकोच्या नजरेला भिडली आणि हात खांदाच खाजवून खाली गेला. धाकट्या साडूंनीही निमूट खांदा खाजवला.

“मग उलटा ठराव मांडा,” बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. “टोकाची शाळा आहे तिथेच चालू ठेवावी.” डॉक्टर, बेकरीवाल्या बाई, थोरले साडू, धाकटे साडू असे चार हात वर झाले.

अध्यक्षांनी भिंतीकडे बघितलं. मग मला विचारलं, “पानात ‘एकमताने’ आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले.

“मग निदान तेवढं तरी खरं होऊ द्या,” म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला. माणूस तसा वाईट नाही, म्हटलं ना मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग पान पुढे वाचून चहा-बिस्किटं मागितली. चहा कुठून आणणार? शिपायाने हात झटकले. शेवटी बेकरीवाल्या बाईंनी दुकान उघडून बिस्किटांचे तीन डबे आणले आणि पाण्याबरोबर सगळ्यांनी ती खाल्ली. नळवाले मला म्हणाले, उद्या सकाळी येतो नळ बघायला. वन्सं आमच्याबरोबरच घरी आल्या. वाटेत ह्यांनी बसमध्ये शीळ घातली.

सोमवारी अध्यक्ष कचेरीत आले. “झालं कसं हे?”

“अनवधानाने,” मी म्हणाले.

“लेखी द्या.”

दिलं. त्यांनी तो कागद भिंतीजवळ नेऊन वाचला. “पुढल्या अंकात दुरुस्ती छापा. आणि यापुढे झालेलीच बातमी लिहायची. न झालेली नाही.” मग कपाटाकडे बघून म्हणाले, “राहू दे ते तिथेच.”

झालेली बातमी लिहिणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. माझं एकही तयार वाक्य बसेना. ‘सभा उत्साहात पार पडली’ लिहिलं आणि खोडलं. ‘ड्रायव्हरने मनोगत व्यक्त केले’ लिहिलं, ह्यांचा चेहरा आठवला, तेही खोडलं. शेवटी जे झालं ते लिहिलं. कोण आलं, कोण काय बोललं, सात वळणं, बादली, कुणी कुठे खाजवलं ते सोडून सगळं. तीन दिवस लागले. खाली चौकटीत दुरुस्ती टाकली: ‘सुट्टी असली की अंक सोमवारी जातो याचा विसर पडल्यामुळे मागील अंक अनवधानाने एक दिवस आधी वाटला गेला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

शुक्रवारी दुपारी पाकीट आलं. मी दार लावून घेतलं आणि उघडलं. पहिल्या ओळीशेजारी लाल शाईत एकच शब्द होता: ‘घडलं.’ डॉक्टरांच्या ओळीशेजारी ‘घडलं.’ चार ओळींशेजारी ‘घडलं.’ सात वळणांच्या परिच्छेदाशेजारी ‘घडलं’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पानाला वन्संनी नावं ठेवली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी ते पुन्हा वरपासून वाचलं. आणि मग खालच्या चौकटीशी आले. ‘अनवधानाने’ या शब्दाखाली बारीक रेघ होती आणि समासात, अगदी लहान अक्षरात, लिहिलं होतं: ‘घडलं का?’

सुट्ट्यांची यादी दरवर्षी मीच टाइप करते. तो शुक्रवार मी त्यावर स्वतः घातला होता, आणि अशा वेळी पान सोमवारी जातं हेही मला पाठ होतं. आणि बुधवारी संध्याकाळी त्या पंचवीस चिठ्ठ्या मोजल्यानंतर मला रात्रभर दुसरं काही सुचलं नव्हतं. समोर कुणाचं टेबल येतं ते तर मी विसरूनच गेले होते.

मी ते पान समोर ठेवलं. मग माझं निळं पेन घेतलं आणि त्यांच्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘नाही. घरी विषय काढू नये.’ पान पाकिटात घातलं, वर टोकाच्या शाळेचा पत्ता लिहिला आणि सोमवारी सकाळी ते ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ‘हं’ म्हणून ते बादलीशेजारच्या खणात ठेवलं आणि बस सुरू केली.